बाप सुरतला, उस्ताद मकवानपूरचा: धुळ्यातल्या दोन भावंडांचं प्रकरण

ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत. मुलांना आप्पा आणि बेबी म्हटलं आहे, कारण खानदेशात दर दुसऱ्या घरात या नावाचं कुणीतरी असतंच. मी धुळ्यात पांझरेकाठच्या एका वस्तीत संध्याकाळची अभ्यासिका चालवणाऱ्या छोट्या संस्थेत काम करते. जून २०२२ ते जुलै २०२५ या काळात काय घडलं, कुठे आम्ही अडलो आणि कुठे चुकलो, ते पुढे लिहिते.

पार्श्वभूमी

२०१९ च्या पोळ्याच्या आठवड्यात जिल्ह्यातल्या एका गावात बांधावरून भाऊबंदांत भांडण झालं. कुदळीचा घाव वर्मी बसला आणि एक माणूस गेला. आप्पा-बेबीचे वडील त्याच रात्री पोलिसांत हजर झाले. अडीच वर्षं कच्चे कैदी म्हणून काढल्यावर त्यांना जन्मठेप लागली आणि धुळ्याहून दीडशे किलोमीटरवरच्या मध्यवर्ती कारागृहात हलवण्यात आलं. मधल्या काळात मुलांच्या आईला तिच्या माहेरच्यांनी नेलं आणि पाट लावून दिला. मेलेला माणूस आजीचा सख्खा पुतण्या होता, त्यामुळे आजीला गावात तोंड दाखवायला जागा उरली नाही. दोन नातवंडं, एक ट्रंक आणि एक शेळी घेऊन ती धुळ्याला आली. हायवेवरच्या एका ढाब्याला ती रोज कळण्याच्या भाकरी करून द्यायची.

शेजारपाजारी विचारायचे तेव्हा आजीचं एकच उत्तर असे: "पोऱ्या सुरतले कामाले शे." म्हणजे मुलगा सुरतला कामाला आहे. आपल्याकडे हे उत्तर कुणी दुसऱ्यांदा विचारत नाही. निम्मा खानदेश सुरतला कामाला जातो.

आता उस्तादांविषयी, म्हणजे पुढे या मुलांना सर्कशीचे खेळ शिकवणाऱ्या माणसाविषयी. ते नेपाळचे, मकवानपूर जिल्ह्यातले. १९९१ च्या सुमारास, नऊ वर्षांचे असताना, एका माणसानं त्यांच्या आईवडिलांचे अंगठे कागदावर घेतले आणि मुलाला सर्कशीत आणलं. त्या भागातून तेव्हा अशी पुष्कळ मुलं भारतातल्या सर्कशींत आली. घरी सांगितलं होतं की मुलगा शाळेत शिकतोय. तंबूच्या कुंपणाबाहेर जायला बंदी होती. झुल्यावर काम केलं, पुढे खांदा निखळल्यावर चेंडू, उंच काठ्यांचे लाकडी पाय आणि एकचाकी सायकल यांवर आले. वाघ-सिंह, अस्वलं, माकडं यांच्या खेळांवर १९९८ पासून बंदी आली, २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सर्कशीत मुलांना ठेवण्यावर बंदी घातली, गर्दी ओसरत गेली. मार्च २०२० च्या लॉकडाऊनमध्ये त्यांची सर्कस धुळ्याजवळ अडकली ती पुन्हा उभी राहिलीच नाही. बाकीचे पांगले. उस्ताद इथेच राहिले. रात्री कापसाच्या एका जिनिंगवर राखण करायची आणि यात्रेच्या दिवसांत सारंगखेड्यापासून एकवीरा देवीच्या यात्रेपर्यंत लाकडी पायांवर फिरून पैसे मिळवायचे, असं त्यांचं चाललं होतं. लोक त्यांना सरसकट 'बहादूर' म्हणत. ते ओ द्यायचे, पण ते त्यांचं नाव नाही. सर्कशीत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, म्हणून आमची मुलंही तेच म्हणू लागली.

अडचण

सप्टेंबर २०२२ मध्ये आप्पा, तेव्हा तेरा वर्षांचा, मोबाइलचोरीत दोन मोठ्या मुलांबरोबर सापडला. बालन्याय मंडळानं त्याला आजीच्या ताब्यात दिलं आणि परिविक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली ठेवलं. कागदावर तो आता 'विधी संघर्षग्रस्त बालक' होता. वस्तीत त्याचं भाषांतर एका वाक्यात झालं: बाप तसा बेटा.

बेबी नऊ वर्षांची. तिची तक्रार कुणीच केली नव्हती, कारण ती काहीच करत नव्हती. शाळेत वर्गासमोर "वडील काय करतात" असं विचारलं गेलं, तेव्हा ती उभी राहिली आणि उभीच राहिली. त्यानंतर शाळेत तिचा आवाज कुणी ऐकला नाही. अभ्यासिकेत ती सगळं लिहायची, पण बोलायची नाही. आमचं लक्ष आप्पावर होतं. चोरी करणारा मुलगा दिसतो, गप्प बसणारी मुलगी दिसत नाही. हे मला आजही सलतं. तिच्याकडे आम्ही तीन महिने उशिरा पाहिलं.

कोणते मार्ग समोर होते

पहिला मार्ग बालकल्याण समितीपुढे जाऊन दोघांना बालगृहात ठेवण्याचा होता. परिविक्षा अधिकाऱ्यांनी तो सुचवला आणि त्यात काही वावगं नव्हतं. पण दोघं वेगळी झाली असती, मुलांचं एकीकडे आणि मुलींचं दुसरीकडे. आजी म्हणाली, "मना पोऱ्या आत, आनी आते हाई बी आत?" तिच्या लेखी भिंत असलेली प्रत्येक जागा तुरुंगच होती. आम्ही तो मार्ग शेवटचा म्हणून बाजूला ठेवला.

दुसरा मार्ग पैशाचा होता. आईवडील कारागृहात असलेल्या मुलांना राज्याची बालसंगोपन योजना लागू होते. आजीचं नाव रेशनकार्डावर एक, आधारवर दुसरं आणि शिक्षेच्या कागदात तिसरं. सगळं जुळवून अर्ज मंजूर व्हायला आठ महिने लागले. २०२३ मध्ये रक्कम महिन्याला २,२५० रुपये झाली, त्याचा मोठा आधार झाला. पण पैशानं बेबी बोलणार नव्हती.

तिसरा मार्ग समुपदेशनाचा होता. समुपदेशक पंधरा दिवसांतून एकदा नाशिकहून येत. बेबी त्यांच्यासमोर चित्रं काढायची, आप्पा बाथरूमच्या खिडकीतून पळायचा.

चौथा मार्ग मी अगदी सहज बोलून गेले होते: एखाद्या कलाकाराकडे सोपवू. आधी मनात आला तो शेजारच्या गावचा वहीगायनाचा, म्हणजे खानदेशी लोकगायनाचा, एक फड. माणूस उत्तम, डफावर हात असा की मुलं खिळून राहतात. पण त्याची मेहुणी आप्पाच्याच गावची. पहिल्याच बैठकीत त्यानं आजीला विचारलं, "तुमी फलान्यासना घरनाच ना?" आजी उठून गेली.

तेव्हा मला उमगलं की या मुलांना कलेपेक्षा आधी एक असा माणूस हवा होता, ज्याचा त्यांच्या गावाशी, भाऊबंदकीशी, सोयरिकीशी काडीचा संबंध नाही. उस्ताद कुणाच्याच बाजूचे नव्हते. ज्या परकेपणामुळे त्यांना चार वेळा भाड्याची खोली सोडावी लागली, तोच इथे कामाचा होता.

पण तोच धोकाही होता. कार्यकारिणीत पहिला प्रश्न आला, हा माणूस इथे कायदेशीर आहे का? भारत-नेपाळच्या १९५० च्या करारामुळे नेपाळी नागरिकाला इथे राहायला-काम करायला व्हिसा लागत नाही, हे समजावून सांगावं लागलं. दुसरा प्रश्न खरा अवघड होता. मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाची आम्ही पोलीस पडताळणी करतो. उस्तादांचं नेपाळी नागरिकता प्रमाणपत्र होतं, पण पडताळणीत धुळ्यातली दोन वर्षंच आली. आधीच्या अडतीस वर्षांबद्दल आम्ही फक्त त्यांच्याच शब्दावर विसंबून होतो. शिवाय कसरत म्हटली की स्पर्श आला: हात धरणं, खांद्यावर चढवणं, कंबरेला आधार देणं.

माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे की चांगल्या वाटणाऱ्या माणसासाठीही नियम सैल करायचे नसतात. आम्ही अटी लिहिल्या. शिकवणी उघड्या पटांगणातच. दुसरी प्रौढ व्यक्ती कायम हजर. स्पर्श करण्याआधी सांगायचं आणि विचारायचं. मुलांना एकट्यानं खोलीवर बोलवायचं नाही. छडी नाही. उस्तादांनी एकेक अट दोनदा वाचून घेतली आणि म्हणाले, "हमारे टाइम पे ये कागज होता तो..." पुढे बोलले नाहीत. सही केली.

मानधन घ्यायला ते तयार नव्हते. आम्ही आग्रह धरला, एका शिकवणीचे तीनशे रुपये. फुकट येणाऱ्या माणसाला 'आज का आला नाहीत' असं विचारता येत नाही.

काय केलं

मंगळवार, गुरुवार, शनिवार, संध्याकाळी साडेपाच. पहिल्या दिवशी उस्ताद जुने मोजे आणि किलोभर दादर, म्हणजे खानदेशी ज्वारी, घेऊन आले. प्रत्येक मोज्यात ओंजळभर दादर भरून, गाठ मारून, वरचा भाग उलटा दुमडून त्यांनी चेंडू केले. रबरी चेंडू पडला की उसळून पळतो, दादरीचा जिथे पडतो तिथेच बसतो. आप्पाला वाटलं होतं आज उलट्या उड्या शिकवतील. उस्तादांनी त्याला एक चेंडू दिला आणि म्हणाले, "गिराओ."

तो दिवसभराचा धडा होता. चेंडू पाडायचा. पडला की लगेच झडप घालायची नाही, तीनपर्यंत मोजायचं, मग वाकून उचलायचा. नंतरच्या आठवड्यात एक चेंडू या हातातून त्या हातात, डोळ्यांच्या उंचीपर्यंत. मग दोन: पहिला वर टोकाला पोचला, की दुसरा सोडायचा. सगळी मुलं इथेच फसतात. पहिला खाली यायला लागल्यावर घाबरून दुसरा सोडतात, किंवा दोन्ही एकदम फेकतात. "हाताकडे बघू नका, वर बघा," उस्ताद मोडक्या मराठीत सांगत. बेबी पटांगणाच्या कडेला दप्तरावर बसून हे पाहायची. आठव्या दिवशी तिनं स्वतःच्या मोज्यांत दादर भरून आणली. आजीनं दळणासाठी ठेवलेली दादर होती ती, त्यावरून घरी रामायण झालं.

तिला तीन चेंडू जमले डिसेंबरात. जमले म्हणजे सहा फेका, मग पडझड. पण मोजताना तिनं तोंडानं मोजलं. एक, दोन, तीन, चार. पटांगणात सगळ्यांना ऐकू गेलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण उस्तादांनी डोळ्यांनीच सगळ्यांना थांबवलं होतं.

आप्पाला चेंडूंचा कंटाळा यायचा. त्याचं मन लाकडी पायांवर आणि खांद्यावर चढण्याच्या कसरतींवर बसलं. तो येऊ लागला, वेळेवर येऊ लागला. मंडळापुढच्या चौकशीत परिविक्षा अधिकाऱ्यांच्या अहवालात हजेरीचा उल्लेख होता. पुढे ती चौकशी समज देऊन संपली.

थप्पड

फेब्रुवारी २०२३. आप्पानं न सांगता एका लहान मुलाला खांद्यावर घेतलं आणि वरून उडी मारायला लावलं. मूल पडलं, कोपर सोललं. उस्ताद धावत आले आणि आप्पाच्या कानशिलात लगावली.

त्या संध्याकाळी कुणालाही हे गंभीर वाटलं नाही. आजी म्हणाली, "मारू द्या ताई, पोऱ्या सुधरी जाई." आप्पा स्वतः हसत होता. आमच्यातल्याच एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांचं म्हणणं होतं की एका चांगल्या माणसाला घालवू नका. समोर तीन वाटा होत्या: काणाडोळा करायचा, उस्तादांना कायमचं थांबवायचं, किंवा मधलं काही.

आम्ही शिकवणी दोन आठवडे थांबवली आणि बालकल्याण समितीला लेखी कळवलं. उस्तादांबरोबर मी आणि समुपदेशक बसलो. त्यांनी सदऱ्याची बाही वर केली. दंडावर पट्ट्याचा जुना वळ होता. "इससे ही सीखा," ते म्हणाले. मग बराच वेळ गप्प बसून म्हणाले की झुल्यावर हात सुटायचा तो भीतीनंच सुटायचा, खाली उस्तादाचा पट्टा दिसायचा म्हणून. हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं असावं.

परत आल्यावर त्यांनी सगळ्या मुलांदेखत आप्पाची माफी मागितली. हसणारा आप्पा त्या दिवशी रडला. एका मोठ्या माणसानं आपल्याकडे चूक कबूल करावी, याची त्याला सवयच नव्हती.

दोन आठवडे पुरे होते की कमी, यावर आमच्यात आजही मतभेद आहेत. मला वाटतं कालावधी ठीक होता, पण मुलांना आम्ही त्या दोन आठवड्यांत काहीच सांगितलं नाही, हे चुकलं. त्यांना वाटलं उस्तादांना पकडून नेलं.

सुरतचं खोटं

बेबीला खरं सांगायचं की नाही, यावर आम्ही कित्येक महिने चर्चा केली. आजीचा सक्त विरोध होता. समुपदेशकांचं म्हणणं, सांगायला हवं, पण आजीच्या तोंडून. आम्ही आजीची तयारी करत राहिलो.

२०२३ ची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. वस्तीतल्या कडुनिंबाला मुलींनी झोके बांधले होते, गौराईची गाणी चालली होती. बेबीनं उस्तादांना विचारलं, तुमचा सर्कशीतला झोका एवढाच का? ते म्हणाले, खूप उंच. मग तिनं विचारलं, तुमच्या आईला माहीत होतं का तुम्ही कुठे आहात? ते म्हणाले, तिला सांगितलं होतं मी शाळेत आहे. झोका थांबवून बेबी म्हणाली, "मना बा जेलमा शे. माले माहीत शे. आजीले सांगू नका."

चार वर्षं ती आजीचं खोटं जपत होती, आजीला त्रास होऊ नये म्हणून.

उस्तादांनी त्याच दिवशी मला सांगितलं, आणि बेबीलाही आधीच सांगितलं की मी ताईंना सांगणार आहे. ही त्यांची शहाणीव. आम्ही तिघी, मी, बेबी आणि आजी, भाकरीच्या परातीशी बसलो. आजी पिठाचा हात तसाच डोळ्याला लावून बसली. बोललं फारसं कुणीच नाही.

त्यानंतर कारागृहातल्या गळाभेटीसाठी अर्ज केला. काचेआडून फोनवर होते ती मुलाकात वेगळी. गळाभेटीत मुलं वडिलांच्या मांडीवर बसू शकतात. बेबीनं चेंडू नेले होते, पण धान्य भरलेली वस्तू आत जाणार नाही हे उघडच होतं आणि आधी विचारणं आमचं काम होतं. चेंडू फाटकावर राहिले. पुढचं आजीनं सांगितलं: पोरीनं बापाची टोपी मागून घेतली, आजीचा रुमाल घेतला, स्वतःच्या वेणीची रिबीन सोडली, तिघांच्या गुंडाळ्या केल्या आणि फेकू लागली. रिबीन हलकी, ती दोनदा पडली. बाप उचलायला वाकला तशी म्हणाली, "बा, लगेच उचलू नको. आधी तीनलोंग मोज."

आप्पा गेला नाही. बाहेर बसस्टँडवर बसून राहिला. आम्ही त्याला आग्रह केला नाही आणि या एका निर्णयाबद्दल माझ्या मनात शंका नाही.

बॅनर

ऑगस्ट २०२३ मध्ये एका मंडळानं पंचवीस हजार रुपये देऊ केले. कार्यक्रमाचं नाव त्यांनीच ठरवलं होतं: 'कैद्यांच्या मुलांची सर्कस'. आमची अभ्यासिका तेव्हा तीन महिन्यांचं भाडं थकवून होती. बालन्याय कायद्याचं कलम ७४ मुलांची ओळख उघड करायला मनाई करतं, हे मला पाठ होतं, तरी मी 'बॅनर बदलता येईल का' असं विचारत बसले, 'नाही' म्हणाले नाही. उस्तादांनी सरळ नकार दिला. "पोस्टरपे फोटो मेरा था, ताई. पैसा मालिक का."

शेवटी गल्लीतल्या कानबाईच्या, खानदेशातल्या या देवीच्या, उत्सवात वस्तीची अकरा मुलं मिळून खेळ केला, कुठलंही लेबल न लावता. रोटांचा नैवेद्य, मागे कानबाईची गाणी, पुढे आप्पा लाकडी पायांवर. तरीही कुणीतरी मोबाइलवर चित्रण करून 'खुन्याचा पोरगा बघा' अशा मजकुरासह फिरवलं. आम्ही चित्रण काढायला लावलं, पण तोवर ते त्याच्या गावापर्यंत पोचलं होतं. खेळापूर्वी मोबाइल खाली ठेवायला सांगणं, दोन कार्यकर्ते त्यासाठी उभे करणं, एवढं जमलं असतं. आम्हाला सुचलं नाही.

उस्ताद गेले तेव्हा

सगळ्यात मोठी चूक मात्र नंतरची. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस नेपाळमध्ये महापूर आला, मकवानपूरमध्ये दरडी कोसळल्या. उस्ताद रातोरात निघाले. जिनिंगवर निरोप ठेवला, आम्हाला दोन ओळींचा मेसेज केला आणि मग नऊ दिवस फोन बंद. मुलांना आम्ही म्हणालो, "येतील."

पाचव्या दिवशी बेबीनं विचारलं, "उस्ताद बी सुरतले गयात का?"

एका माणसाच्या येण्यावर आम्ही सगळं उभं केलं होतं आणि त्याच्या जाण्याची काहीच तयारी नव्हती. उस्तादांचं घर दुसऱ्या देशात आहे, आई म्हातारी आहे, ते कधीतरी जाणारच, हे पहिल्या दिवसापासून दिसत होतं. दुसरा शिकवणारा तयार करायला हवा होता. मुलांना नकाशावर मकवानपूर दाखवायला हवं होतं. आणि त्या पाचव्या दिवसाआधीच सांगायला हवं होतं की ते कुठे आहेत, का गेलेत आणि आम्हालाही अजून फोन लागलेला नाही.

ते मार्गशीर्षात परतले. घर वाहून गेलं होतं, आई वाचली होती.

आज कुठे आहे

आप्पा दहावीला गणितात राहिला. वेल्डर ट्रेडला आठवी पास चालते, म्हणून आयटीआयमध्ये प्रवेश घेतला आहे. शनिवारी तो लहान मुलांना लाकडी पायांवर उभं राहायला शिकवतो आणि हात धरण्याआधी "धरू का?" असं विचारतो. बेबी आता बारा वर्षांची आहे. शाळेत बोलते, फार नाही. अभ्यासिकेच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत ती उस्तादांच्या सुट्ट्या लिहून ठेवते. दसऱ्याला ते आईकडे जाणार, तर त्या पंधरा दिवसांवर तिनं आत्ताच पेन्सिलीनं रेघ ओढली आहे आणि खाली आप्पाचं नाव लिहिलं आहे.

वडिलांचा संचित रजेचा अर्ज गेला आहे. मंजूर झाली, तर ते काही दिवस त्या एका खोलीत राहायला येतील. आप्पानं मला विचारलं की तेवढे दिवस उस्तादांच्या खोलीवर झोपलं तर चालेल का. आमच्या अटीत ते बसत नाही. मी त्याला अजून उत्तर दिलेलं नाही. परवा समुपदेशक येणार आहेत, आजी, आप्पा आणि उस्ताद, तिघांना बरोबर घेऊन बसायचं ठरलं आहे.